ओवा : ओळख, उपयोग व एक सावधगिरी

ओवा नाहीं असें स्वयंपाकघर आपल्याकडे विरळाच. परंतु हा दाणा नीट ओळखून वापरणारीं घरें त्याहून विरळ आहेत, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. ओवा या एका नांवानें तीन निराळ्या वनस्पति आपल्या घरांत येतात, आणि त्यांपैकीं एक विषारी आहे.

खरा ओवा म्हणजे संस्कृत ग्रंथांतील यवानी. हें धने, जिरें व बडीशेप यांच्याच कुळांतील रब्बीचें पीक असून देशांत त्याची मुख्य लागवड राजस्थान व गुजरात येथें होते. दाणा बारीक, राखट तपकिरी व अंगावर उभ्या शिरा असलेला असतो. तळहातावर चोळतांच उग्र वास सुटतो, आणि या वासांतच त्याचा बहुतेक गुण आहे. दाण्यांत शेंकडा २ ते ४ या प्रमाणांत उडून जाणारें तेल असतें व त्यांतील मुख्य द्रव्य थायमॉल हें होय. बाजारांत ओव्याचें फूल म्हणून जे स्फटिक मिळतात ते याचेच. १९१४ पूर्वीं आपला ओवा जर्मनीस जात असे व तेथें त्यांतून थायमॉल काढीत. महायुद्धानें तो मार्ग एकाएकीं बंद झाला. पुढें थायमॉल रासायनिक रीतीनें होऊं लागलें, तेव्हां ती मागणीहि ओसरली.

तेल उडून जाणारें असल्यामुळें ओवा दळून ठेवूं नये. तो सबंध, कोरडा व घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावा. उन्हांत किंवा चुलीजवळ नको. भज्यांच्या पिठांत ओवा चुरडून घालण्याची गृहिणींची रीत अगदीं योग्य आहे. हरभऱ्याचें पीठ, वाल, पावटे असे जड पदार्थ व चकली-शेवेसारखें तळण यांस ओव्याची जोड देणाऱ्या पूर्वजांस पोटाची चांगली जाण होती.

वैद्यकांत ओवा दीपक, पाचक व वातहर मानला आहे. जेवणानंतर पोट जड झाल्यास चिमूटभर ओवा सैंधवासह चावून खावा. छातींत जळजळ होणाऱ्यांनीं मात्र तो टाळावा, व गर्भवतीनें औषध म्हणून घेऊं नये. बाळंतिणीस जेवणानंतर ओवा व बाळंतशेपा देण्याची चाल चांगली. परंतु बंद खोलींत बाळास ओव्याची धुरी देणें आम्हांस मान्य नाहीं. धूर कशाचाहि असो, अर्भकाच्या छातीस तो वाईटच.

गुरांचें पोट फुगल्यास तेलांत ओवा व हिंग घालून पाजण्याची वहिवाट जुनी आहे. फुगवटा थोडा असतां ठीक. पण डावी भकाळी नगाऱ्यासारखी ताठ होऊन जनावर धापा टाकूं लागलें, तर पाजण्यांत वेळ दवडूं नये. बळेंच ओतलेलें तेल श्वासनलिकेंत जातें व जनावर हातचें जातें. तत्काळ पशुवैद्यास बोलवावें.

आतां नांवाचा घोटाळा. जाड, लवदार पानांचा पानओवा, ज्याचीं भजीं करतात, तो वनस्पति म्हणून निराळा असला तरी निरुपद्रवी आहे. खुरासानी ओवा मात्र धोतऱ्याच्या कुळांतला. वैद्य तो शोधून, मोजून वेदनाशमनासाठीं योजतात. घरगुती मात्रेंत तो वापरण्याची वस्तु नव्हे. त्यानें घसा कोरडा पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, रोगी बरळूं लागतो, व मात्रा अधिक झाल्यास प्राणावर बेततें. त्याचें बीं चपटें, मूत्रपिंडाच्या आकाराचें असतें. त्यास उभ्या शिरा नसतात, आणि चोळलें तरी ओव्याचा वास येत नाहीं. काष्ठौषधींच्या दुकानांतून ओवा आणतांना पुडी तेथेंच उघडून चार दाणे चोळून पाहावे. वास न आल्यास माल परत करावा. तो जुना ओवा असला तरी निरुपयोगीच. चुकून हें बीं कोणाच्या पोटांत गेल्यास घरगुती उपाय न करतां उरलेल्या बियांसह रोग्यास लागलीच रुग्णालयांत न्यावें.