टर्बोचा होज आणि त्याची क्लिप



गेल्या हंगामात दोन ट्रॉल्या भरून एक ट्रॅक्टर गाडीतळावर आला. चढावर नुसता काळा धूर. मालक वैतागून म्हणाले, "डिझेल पितोय, पण ओढत नाही. पंप उतरवून तपासला, नोझल बदलले, फरक काही नाही." बॉनेट उघडून बघितले तर टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजवर सायकलची ट्यूब गुंडाळून वरून बाइंडिंग तार आवळलेली! होज आणि दोन क्लॅम्प नवे घातले आणि ट्रॅक्टर पुन्हा ओढू लागला. पंपाचा खर्च मात्र फुकट गेला.

पूर्वीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना टर्बो नव्हता, त्यामुळे रबरी पाईप कसाही बांधला तरी चालून जाई. आता उसाच्या वाहतुकीतल्या पुष्कळ ट्रॅक्टरांना टर्बो आहे. ही युक्ती तशी जुनी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो.

म्हणून टर्बोच्या अलीकडचा होज निराळा आणि पलीकडचा निराळा, हे पक्के ध्यानात ठेवा.

अलीकडे, म्हणजे एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंत, ओढ असते. इथे फट पडली तर आवाज नाही, धूर नाही, काही कळत नाही. पण फडातली आणि गाडीवाटेवरची धूळ फिल्टर चुकवून सरळ आत जाते. आधी टर्बोचे पाते झिजते, मग लायनर आणि रिंगा. इंजिन ऑइल खाऊ लागले की मालक ऑइलला दोष देतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी गळती हीच. तपासणी सोपी आहे : इंजिन बंद करून हा पाईप सोडा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. धूळ निघाली तर फिल्टर तरी नीट बसलेला नाही, नाहीतर होज फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. या बाजूचा होज जाड किंवा आत तारेची गुंडाळी असलेला घ्यावा. मऊ होज ओढीने चपटा होतो आणि इंजिनाचा दम कोंडतो.

पलीकडे रेटा आणि उष्णता. टर्बोतून निघणारी हवा भाराखाली शंभर अंश सेल्सिअसच्या वर जाते. तीन इंची पाईपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब धरला तरी होजला निसटवायला ४५ किलोचा जोर लागलेला असतो. रेडिएटरचा होज इथे चालत नाही. तो गरम पाण्यासाठी केलेला, आणि टर्बोच्या हवेबरोबर येणाऱ्या ऑइलच्या वाफेने तो फुगून मऊ पडतो. कापडाचे थर असलेला सिलिकॉनचा होज उष्णतेला टिकतो, पण साध्या सिलिकॉनमधूनही ऑइल झिरपते. आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असेल तर उत्तम. निळ्या-लाल रंगावर जाऊ नका, रंगावरून माल कळत नाही. कंपनीचा पार्ट नंबर सांगून मागणे बरे.

माप घेताना जुन्या फुगलेल्या होजचे घेऊ नका. पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, होजचा आतला व्यास तेवढाच हवा. ढिला होज क्लिपने आवळून बसवला की त्याला चुणी पडते आणि चुणीतूनच हवा जाते.

आता क्लिप. आपण जिला ज्युबिली क्लिप म्हणतो ती पेचाची पट्टी ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन यांनी काढली, १९२१ साली तिला पेटंट मिळाले. एअर क्लीनरच्या बाजूला ती ठीक. पण आरपार खाचा पाडलेली पट्टी सिलिकॉनमध्ये रुतून त्याला कापते. दाबाच्या बाजूला सपाट रुंद पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प घ्या, स्प्रिंगचा मिळाला तर आणखी चांगला. इंजिन तापून गार झाले की होज सैल पडतो, ती सैल स्प्रिंग आपोआप भरून काढते.

बसवताना पाईपवरचे ऑइल पुसा. ग्रीस मुळीच लावू नका, होज घसरून निघतो. जात नसेल तर थोडे साबणाचे पाणी लावा. पाईपच्या टोकाला जी उंच कड असते, तिच्या मागे क्लॅम्प यायला हवा, कडेवर नव्हे. आणि पान्याला पाईप घालून आवळायचे नाही! पहिली खेप झाल्यावर, इंजिन गार असताना, पुन्हा एकदा पाना लावून बघा.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. या इंजिनांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात. होज गळाला तर दिवा लागून इंजिन आपणहून ताकद कमी करू शकते. अशा वेळी पंपाला हात लावण्याआधी जोडांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा. पंख्यापासून हात लांब ठेवा. तोडणी सुरू होण्यापूर्वी दोन मापांचे क्लॅम्प आणि त्यांना लागणारा पाना टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, रात्रीच्या खेपेला दुकान उघडे नसते.