धुऱ्याचे दोन भाऊ

रिसोड तालुक्यातलं एक गाव, ऑक्टोबरची रात्र. सोयाबीन सोंगून झालेलं, शेतोशेती गंज्या लागलेल्या, आभाळ भरलेलं आणि थ्रेशरचा नंबर काही लागत नाही. वर्षाची कमाई ताडपत्रीखाली, आणि तिला एक काडी पुरे. भावकीच्या रागात गंजी पेटवणं वऱ्हाडाला नवं नाही. म्हणून या दिवसांत ग्रामसुरक्षा दलाची पोरं काठ्या, शिट्ट्या, बॅटऱ्या घेऊन फिरतात. त्या रात्री मी पोलीस पाटलांच्या ओट्यावर होतो.

पाटील म्हटलं की फेटा आणि मिशा डोळ्यांपुढे येतात. इथं चष्मा, पायजमा आणि खिशात दोन मोबाईल. वतनाची पाटीलकी साठच्या दशकातच गेली. हा १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाचा पाटील, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी नेमलेला. मानधन २०२४मध्ये साडेसहा हजारांवरून १५ हजारांवर गेलं. गुन्ह्यांची खबर तर द्यायचीच, पण गावाचं आरोग्य आणि एकूण हालहवाल कळवणंही कायद्यानं त्याच्याच अंगावर टाकलंय. दुखणं-खुपणं आणि चोरी-मारी एकाच माणसाच्या वहीत!

वहीत काय लिहायचं हे कायदा सांगतो. काय लिहायचं नाही, ते पाटलाला स्वतःच ठरवावं लागतं. दोन सख्ख्या भावांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद पेटला होता. धाकटा चारचौघांत बोलून गेला होता, ‘पाहून घेतो तुही गंजी.’ ठाण्यात कळवलं तर दोघांना बोलावणं येणार, कागद होणार आणि वैर पक्कं होणार. नाही कळवलं आणि गंजी खरंच पेटली, तर पहिला जाब पाटलालाच. १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा फलक ग्रामपंचायतीवर आहे, पण मला विचाराल तर अशा वेळी तो ओटाच कामाला येतो.

पाटलांनी जागलीची यादी काढली आणि दोन्ही भावांची नावं एकाच रात्री, एकाच फेरीत घातली.

‘काहून असं?’ मी विचारलं.

‘आता मोठ्याची गंजी जळाली, तर लहाना राखणीलेच होता ना भाऊ.’

दोघं निघाले. एक धुऱ्याच्या या अंगानं, एक त्या अंगानं. बोलणं नाही, नुसती शिट्टीला शिट्टी. तीनच्या सुमाराला थेंब पडू लागले. धाकटा पळत येऊन ओट्यावरची ताडपत्री ओढत ओरडला, ‘दादाच्या गंजीले कमी पडते!’

सकाळी बीट जमादार फटफटीवरून आले. ‘काय पाटील, रात्री काही विशेष?’

‘पाणी आलं,’ पाटील म्हणाले आणि चहा सांगितला.