आधी ठराव, मग खांब

गावकारभार समजून घेताना : लेखांक ९

गेल्या लेखांकात आपण पथदिव्यांचा खर्च आणि त्यांची जबाबदारी पाहिली. ज्या खांबावर दिवा हवा अशी मागणी होते, त्याच खांबावर आता कॅमेराही हवा असे लोक म्हणू लागले आहेत. रत्नागिरीत मारुती मंदिर, जयस्तंभ, गोखले नाका अशा गजबजलेल्या जागांबद्दल जो युक्तिवाद होतो, तोच शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मिरजोळ्याच्या हद्दीत एमआयडीसी आहे, म्हणजे पाळ्यांमध्ये चालणारे काम आले आणि अवेळी ये-जा करणारे कामगारही आले. शिवाय कोकणातल्या कुठल्याही गावासारखी इथेही चाकरमान्यांची घरे आहेत. ती गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी त्यांना कुलूप असते.

त्यामुळे कॅमेरा मागणाऱ्यांना घाबरट किंवा हौशी म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. रात्रपाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने परतणाऱ्या बाईची काळजी खरी आहे. मुंबईत बसून गावच्या घराची कडी शाबूत असेल ना, असा घोर लागलेल्या माणसाची काळजीही खरी आहे. फक्त या काळजीवर कॅमेरा नेमके किती काम करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. वाद बहुतेक वेळा ‘सुरक्षा की खासगीपणा’ अशा दोन टोकांवर अडकतो आणि चित्रण कोणाच्या ताब्यात, किती दिवस, कोणत्या नियमाने, हे मधले प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे.

सुरुवात यंत्रापासून करू. बाजारात सर्रास बसवला जाणारा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आडव्या रेषेत १९२० बिंदूंचे चित्र घेतो. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० बिंदू हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा निकष आहे. १९२० ला २५० ने भागले की साधारण पावणेआठ मीटर येतात. म्हणजे एका कॅमेऱ्यातून चेहरा ओळखू यायचा असेल, तर त्याने जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचा पट्टा बघायला हवा. तोच कॅमेरा उंच खांबावर चढवून चाळीस मीटर रुंदीचा सगळा नाका दाखवायला लावला, तर मीटरला ४८ बिंदू उरतात. माणूस आला, गेला, दुचाकीवर बसला एवढे दिसते. तो कोण, हे दिसत नाही.

महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत पाहिली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. परिसरातले कॅमेऱ्याचे चित्रण तपासयंत्रणेला मिळाले, पण ते इतके अस्पष्ट होते की त्यावरून मारेकऱ्यांची ओळख पटेना. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तेव्हा मोलाची ठरली ती प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांची साक्ष.

आता साठवणीचा हिशेब बघा, कारण फसगत सर्वांत जास्त इथे होते. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चित्रण पाठवतो असे धरले, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. असे १६ कॅमेरे एका डीव्हीआरला जोडले की दिवसाला जवळपास ३४५ गिगाबाइट. आत ४ टेराबाइटची हार्ड डिस्क असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप लिहू लागते. गणपतीनंतर मुंबईला परतलेल्या कुटुंबाला महिन्याने घर फोडल्याचे कळले, तर नाक्यावरचा कॅमेरा त्यांच्या काहीही उपयोगाचा नाही. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या ठळक छापलेली असते. साठवण किती दिवसांची, हे मात्र विचारून घ्यावे लागते.

बदलापूरच्या शाळेतले लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीला आले, तेव्हा शाळेतले आधीच्या १५ दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. त्यानंतर लगेच, २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना कॅमेरे सक्तीचे झाले आणि चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची अपेक्षाही त्यात लिहिली गेली. हा तपासणीचा भाग मला कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्यात कोकणातली हवा. खाऱ्या दमट हवेने जोडण्या गंजतात, वळिवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनी उपकरणे जळतात, वीज गेली की बॅटरी असेल तेवढा वेळच यंत्र चालते. रात्रीच्या चित्रणासाठी कॅमेरा जो अवरक्त प्रकाश सोडतो त्याच्याभोवती किडे जमतात, मग कोळी येऊन भिंगासमोरच जाळे विणतो आणि रात्रभर पांढऱ्या धाग्यांशिवाय काही दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी शिडी लावून फडके मारणारा माणूस अंदाजपत्रकात धरला नसेल, तर एका पावसाळ्यात यंत्रणा आंधळी होते. उद्घाटनाला निधी मिळतो, वार्षिक देखभालीला मिळत नाही, हे आपल्याकडच्या सार्वजनिक कामांचे जुने दुखणे आहे.

बरे, चित्रण मिळाले, स्पष्टही निघाले. ते न्यायालयात टिकेल? या बाबतीतला देशभर लागू झालेला निकाल आपल्याच राज्यातून गेला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्याला आव्हान दिले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. मागणी करूनही त्यासोबतचे कायदेशीर प्रमाणपत्र मिळाले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत असे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये उपकरणाचा ताबा असलेल्या व्यक्तीबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. मग गावच्या कॅमेऱ्यासाठी सही कोणाची? सरपंचांची, ग्रामसेवकांची, की कॅमेरे बसवून गेलेल्या ठेकेदाराची? हे आधी ठरलेले नसेल, तर गुन्हा घडल्यावर पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली चित्रफीत गावभर फिरेल, आणि खटल्यात तिच्यावर पहिला आक्षेप याच मुद्द्यावर येईल.

गुन्हे कमी होतात का, यावर जगात भरपूर अभ्यास झाला आहे. एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर होता. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. वेल्श आणि फॅरिंग्टन यांनीच २००८ मध्ये सुधारित पथदिव्यांचा आढावा घेतला होता, त्यात घट सुमारे २१ टक्के होती. वेगवेगळ्या देशांतले हे आकडे जसेच्या तसे मिरजोळ्याला लावता येणार नाहीत. तरीही बंद पडलेल्या दिव्याखाली नवा कॅमेरा लावणे मला पटत नाही, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

आता खासगीपणाकडे येऊ. ‘ज्याच्या मनात काही नाही त्याने कशाला घाबरायचे?’ हे वाक्य चर्चेत हमखास येते. रत्नागिरीकरांना पाळत नवी नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथे नजरकैदेत होता आणि त्याच्यावर देखरेखीसाठी इंग्रजांनी खास अधिकारी नेमला होता. ती पाळत अन्यायाचीच होती, पण ती कोणावर आहे आणि कोण ठेवते आहे, हे तरी उघड होते. नाक्यावरचा कॅमेरा बाजारहाट करणाऱ्या, डॉक्टरकडे जाणाऱ्या, मोर्च्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो आणि ती बघणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. लहान गावात हे अधिक बोचते. मुंबईच्या नियंत्रण कक्षातला पोलीस तुम्हाला ओळखत नाही. गावात पडद्यासमोर बसलेला माणूस तुमच्या मुलीला नावाने ओळखतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर सरकारला बंधन घालायचे तर कायद्याचा आधार हवा, उद्देश योग्य हवा आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा वापर बांधून देणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे आणि सरकारी यंत्रणांना वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

गैरवापराची भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले रुग्ण महिलांचे चित्रण चोरून टेलिग्रामवरून विकले जात असल्याचे उघड झाले. तपासात पुढे आलेला दोष साधा होता. यंत्रासोबत आलेला सोपा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

दुसरा धोका कॅमेऱ्याच्या तोंडाचा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये २०१० साली मुस्लिम वस्तीच्या दोन भागांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. लोकांना सांगितले रस्त्यावरच्या गुन्ह्यांसाठी, पैसा आला होता दहशतवादविरोधी निधीतून, आणि ७२ कॅमेरे तर लपवलेले होते. रहिवाशांनी आवाज उठवला, चौकशी झाली, पोलिसांना माफी मागावी लागली आणि २०११ मध्ये कॅमेरे उतरवले गेले. आपल्याकडे आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत, बोटींवर बाहेरचे खलाशी आहेत, कारखान्यांत परप्रांतीय कामगार आहेत. त्यांच्या खोल्यांच्या दारावरच कॅमेरा रोखायचा असेल, तर त्याचे कारण ग्रामसभेत मोठ्याने सांगता आले पाहिजे.

ग्रामसभा हीच या वादाची जागा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याआधी महिलांची सभा व्हावी लागते. कॅमेरे ज्यांच्या नावाने मागितले जातात त्या बायकांना कोणता रस्ता, कोणता वळसा, कोणता थांबा भीतीचा वाटतो, हे तिथे विचारले तर निम्म्या जागा आपोआप ठरतील, आणि त्यातल्या काही जागांना दिवाच पुरेसा आहे असेही निघेल.

ठरावात कॅमेऱ्यांच्या संख्येआधी साठवणीचे दिवस लिहावेत. माझा आग्रह किमान ३० दिवसांचा आहे. त्यापुढे चित्रण पुसले जावे, अपवाद पोलिसांनी किंवा तक्रारदाराने राखून ठेवायला सांगितलेल्या भागाचा. प्रमाणपत्रावर सही करणारी जबाबदार व्यक्ती, पासवर्ड कोणाकडे, कोणी कधी चित्रण पाहिले याची नोंदवही, देखभालीची तीन वर्षांची तरतूद, हे सगळे त्याच कागदावर यावे. चित्रण कोणाच्याही खासगी फोनवर जाणार नाही, सरपंचांच्याही नाही, हे वाक्य स्वतंत्र लिहावे. एमआयडीसीचे रस्ते, ग्रामपंचायतीचे रस्ते आणि महामार्ग यांचे मालक वेगवेगळे असल्याने खांबागणिक परवानगी कोणाची, याचा तक्ताही सोबत जोडावा लागेल.

आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला चित्रण जपून ठेवा असा साधा अर्ज कार्यालयात देता यावा, त्याची पोचही मिळावी. पोलीस येईपर्यंत डिस्क पुन्हा भरून जाऊ नये, एवढाच त्या अर्जाचा हेतू.

पुढच्या लेखांकात : जिल्हा नियोजन समितीचा निधी गावापर्यंत कसा येतो.