गाडीला टवका पडला, तर…

आज बोलूया गाडीच्या रंगाबद्दल. कुणी म्हणेल, हा काय बायकांचा विषय? पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी स्कूटी चालवतात. कुणाच्या घरी भाड्याने जाणारी चारचाकी आहे, कुणाच्या पापडाच्या गोण्या टेम्पोतून बाजाराला जातात. रामवाडीहून महामार्गाला लागलं, की पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडते आणि बॉनेटवर टवका पडतो. तो असतो डाळीच्या दाण्याएवढा. पण आपल्याकडे धरमतर खाडीची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. उघड्या पत्र्याला गंज धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो. म्हणून टचअप हे नुसतं दिसण्याचं काम नाही, पत्रा वाचवण्याचं काम आहे.

आधी टवका किती खोल आहे ते पाहा. पत्र्यावर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि बहुतेक गाड्यांना सर्वांत वर पारदर्शक लॅकर असतं. सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास! ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही, तर नुसत्या पॉलिशने भागेल. करडा प्रायमर दिसला तर रंग लावायला हवा. पत्रा किंवा तांबूस गंज दिसला, तर थांबूच नका.

आता रंग जुळवणं. ‘पांढरा द्या’ म्हणून दुकानात जाऊ नका, पांढऱ्याचेही कितीतरी प्रकार असतात. प्रत्येक गाडीच्या रंगाला कंपनीचा कोड असतो. तो बहुधा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. सापडला नाही, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या चेसिस नंबरवरून सांगतात. त्या कोडची छोटी टचअप बाटली किंवा पेन मिळतो.

पण कोड सांगतो तो गाडी नवी असतानाचा रंग. पाच-सात वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी फिकी पडते. इथे आपला डोळा कामाला येतो. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत हात बसलेल्या बायकांना हे सांगायला नको: ओला रंग एक दिसतो, वाळल्यावर दुसरा. म्हणून गाडीवर लावण्याआधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग गाडीचा तो भाग धुऊन, पॉलिशने मळ काढून, पुठ्ठा त्याला लावून पाहा. पाहायचं ते दिवसाच्या उजेडात, सावलीत. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसू शकतो. रुपेरी, चमकीच्या रंगात धातूची बारीक पूड असते, ती तळाशी बसते. बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलवा आणि पुठ्ठा उभा-आडवा धरून बघा.

रंग लावायला कोरडा दिवस निवडा. दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि तापलेल्या पत्र्यावर नीट बसत नाही. म्हणून हे काम मृगाआधी उरकलेलं बरं. जागा साबणाने धुऊन कोरडी करा. गंज असेल तर बारीक वॉटर पेपर पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळून तेवढाच भाग घासा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, कारण गंजावर लावलेला रंग टिकत नाही. मग प्रायमरचा एक ठिपका. तो वाळला की दातकोरणीच्या टोकाने किंवा अगदी बारीक ब्रशने रंग भरा. एकदम जाड थेंब नको. दोन-तीन पातळ थर द्या आणि दोन थरांमध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा. टवक्याच्या कडेबाहेर रंग जाऊ देऊ नका.

शेवटी लॅकर. तुमच्या गाडीला ते आहे का, हे कळायला पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन गाडी हलकेच घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर वेगळं लॅकर नाही. आठवडाभर गाडी घासून धुऊ नका, मेणाचं पॉलिश महिन्याभराने करा.

थिनर आणि रंग चुलीपासून, देवापुढच्या दिव्यापासून दूर ठेवा. काम उघड्यावर करा, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तिथे थांबू नये. उरलेलं थिनर विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका.

रुपयाच्या नाण्याहून मोठा टवका, पोचा किंवा रंगाखाली फुगलेला गंज असेल, तर गॅरेजच गाठा. पण बारीक टवक्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी विचार करा. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. पाच वर्षं दावा नसेल, तर ती 50 टक्क्यांपर्यंत जाते. एका टवक्यापायी ती घालवायची का?

तेव्हा येत्या रविवारी गाडी धुताना एक फेरी मारा आणि टवके मोजा. गटात दोघी-तिघींच्या गाड्या एकाच रंगाच्या असतील, तर एक बाटली सगळ्यांना पुरेल.