घरच्या टेबलावर मॉनिटर किती?

मुलीने बी.कॉम. केले, टॅली शिकली, वापीच्या एका ऑफिसचे हिशेबाचे काम घरबसल्या मिळाले आणि पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, "अब्बा, आणखी एक मॉनिटर लागेल." डहाणू-तलासरीकडच्या आपल्या घरांत हल्ली असे संवाद कानावर येतात. अब्बांना वाटते, आत्ताच तर लॅपटॉप घेतला, एका माणसाला दोन पडदे कशाला? दादी एका शब्दात निकाल लावते : इस्राफ. मग शाळेत भेट झाली की मला विचारतात, "टीचर, खरंच लागतो का हो दुसरा?"

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत एक चांगला मॉनिटर पुरतो. पण काही कामांत दुसरा असावाच लागतो, आणि तिथे त्याला चैन म्हणणे म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईच्या चांगल्या कात्रीला चैन म्हणण्यासारखे आहे.

ही कामे ओळखायची खूण सोपी आहे : एकीकडे बघायचे आणि दुसरीकडे लिहायचे. त्या मुलीचेच काम घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून छोट्या दुकानदारालाही माल देणाऱ्याने भरलेली बिले आणि आपली खरेदी यांचा मेळ घालावा लागतो. पोर्टलवरची जीएसटीआर-२बी एका खिडकीत, टॅलीतले खरेदीचे रजिस्टर दुसऱ्या खिडकीत. बिल नंबर, तारीख, पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक, कराची रक्कम. चौदा इंची लॅपटॉपवर एक खिडकी मिटून दुसरी उघडेपर्यंत शेवटचे चार आकडे डोक्यात धरून ठेवायचे. दहा बिलांपर्यंत जमते. पन्नासाव्या बिलाला ६८ चे ८६ होतात, आणि व्यापाऱ्याच्या कराची वजावट अडकून बसते. ती मुलगी हट्ट करत नाही, आपले काम बिनचूक व्हावे एवढेच मागते. संध्याकाळी उशिरा हायवेने घरी परतण्यापेक्षा घरून काम करू दे म्हणून आपणच तिला टेबलाशी बसवले आहे, तर त्या टेबलाची सोयही आपणच पाहायला हवी.

आम्हा शिक्षकांचेही तेच. यूडायस प्लसवर मुलांची माहिती भरायची असते. जनरल रजिस्टरच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये आणि टायपिंग लॅपटॉपवर. म्हणजे दोन पडदे झालेच की! फक्त त्यातला एक सहा इंची, आणि मान सारखी खाली-वर. (मुलांची माहिती अशी कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून राहणे बरे नाही, पण तो वेगळा विषय.)

माझ्या जिव्हाळ्याचे काम मात्र तिसरे : उर्दूतून मराठीत आणि मराठीतून उर्दूत. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तके पीडीएफमध्ये मिळतात. गणिताचा तोच धडा दोन्हीकडे उघडून 'त्रिकोण' आणि 'मुसल्लस' शेजारी ठेवले की मुलांना समजावणे सोपे जाते. अनुवाद करणाऱ्यांना, इनपेजवर उर्दू आणि श्रीलिपीत मराठी जुळवून लग्नपत्रिका आणि जलशांची पत्रके करणाऱ्यांना हे शेजार रोज लागते. त्यांच्यासाठी एक युक्ती. उर्दूचे पान डावीकडे आणि मराठीचे उजवीकडे ठेवा. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, मराठीची डावीकडून. त्यामुळे दोन्हींच्या सुरुवाती मधोमध एकमेकींना भिडतात. एका ओळीवरून दुसरीवर जाताना नजरेला वीतभरही प्रवास नाही. उलट ठेवले तर ओळी मध्यावर संपतात आणि सुरुवात शोधायला नजर दोन टोकांना धावते. नस्तालीकची आणखी एक खोड आहे. तिचे शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतात, म्हणून प्रत्येक ओळीला उंची जास्त लागते आणि आडव्या पडद्यावर पान लवकर संपते. अशा कामाला उभा फिरवता येणारा मॉनिटर फार सुखाचा. मात्र स्वस्तातले स्टँड फिरत नाहीत, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आता एकाच मॉनिटरची बाजू. चोवीस इंची पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागद २१ बाय २९.७. म्हणजे दोन पूर्ण कागद शेजारी ठेवून वर जागा उरते. विंडोजची की दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला की खिडकी बरोबर अर्ध्या पडद्यावर जाऊन बसते. हे न कळल्यामुळेच पुष्कळ लोक मोठ्या पडद्यावरही एकच खिडकी पसरून बसतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २००८ मध्ये तुलना केली होती. अठरा इंची मॉनिटरपेक्षा चोवीस इंचीवर मजकुराची आणि तक्त्यांची कामे ५२ टक्के वेगाने झाली, दोन वीस इंचींवर ४४ टक्के. आणि सव्वीस इंचीवर गेल्यावर वेग पुन्हा उतरला. अभ्यासाचा खर्च एनईसी या मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीने केला होता, तेव्हा टक्केवारी चिमूटभर कमीच धरा. पण दोन लहानांपेक्षा एक मोठा सरस निघू शकतो, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँक, ऑनलाइन वर्ग यांना तर दुसरा पडदा लागतच नाही. उलट शिकणाऱ्या मुलाला तो देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या पडद्यावर काय चालू होते, ते वर्गात बसून मला दिसते.

संख्येच्या आधी अक्षर पाहा. बे, पे, ते, से यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. मराठीत एका अनुस्वाराने एकाचे अनेक होतात. हे ठिपके अंधुक दिसले तर पडदे चार असले तरी काय उपयोग? बत्तीस इंची साध्या एचडी टीव्हीवर १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात, म्हणून जवळून वाचताना अक्षर फाटते. सत्तावीस इंची मॉनिटर फुल एचडी असला तर त्याचेही ठिपके चोवीस इंचीइतकेच, नुसते ताणलेले. सत्तावीस घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, नाहीतर चोवीसवर थांबावे.

दोन मॉनिटर ठेवताना एक चूक हमखास होते : दोन्ही सारखे पसरतात आणि आपण एकाकडेच बघत असल्यामुळे मान दिवसभर वाकडी. ज्यावर लिहायचे तो बरोबर नाकासमोर, हातभर अंतरावर. दुसरा त्याला चिकटून, थोडा आपल्याकडे वळवलेला. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. माझ्यासारखा चाळिशीचा दुहेरी चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर करावी लागते. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी.

मॉनिटर उंच करायला पुस्तकांची चळत लावू नका, आपल्या भागात तर नकोच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जे धक्के बसू लागले, ते डहाणू-तलासरीच्या लोकांना सांगायला नकोत. बैठक रुंद असलेला स्टँड घ्यावा किंवा टेबलाला आवळून बसवायचा हात लावावा. मॉनिटरच्या पाठीवर त्यासाठी चार भोके असतात; बहुधा ती १० सेंटिमीटर चौकोनात असतात, पण सगळ्यांना नसतात.

विजेचा धसका नको. चोवीस इंची मॉनिटर २५ वॉट धरला तर रोज आठ तासांप्रमाणे महिन्याच्या पंचवीस दिवसांत ५ युनिट. पावसाळ्यात लाइट जाते ती अडचण खरी. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर एकच मॉनिटर जोडा, म्हणजे काम जतन करायला जास्त मिनिटे मिळतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. बाहेरचा मॉनिटर विझला की त्यावरच्या खिडक्या लॅपटॉपवर परत येतात, काही हरवत नाही. त्या घरी यूपीएसची गरज मॉनिटरपेक्षा वायफायच्या राऊटरला जास्त.

लॅपटॉप असलेल्या घरात 'दुसरा मॉनिटर' म्हणजे खरे तर लॅपटॉपला जोडलेला एक, म्हणजे पडदे आपोआप दोन होतात. त्या मुलीच्या अब्बांना मी हेच सांगितले. नवा चोवीस इंची साधारण सात ते दहा हजारांत येतो. घेण्याआधी आठवडाभर तिने एक कागद शेजारी ठेवावा आणि त्याच दोन खिडक्यांमध्ये जा-ये झाली की एक रेघ ओढावी. दिवसाला चार-दोन रेघा असतील तर पैसे ठेवून द्यावेत. कागद भरला तर दादीला तो कागद दाखवावा. सोबत घरातला टीव्ही एचडीएमआय केबलने जोडून, विंडोज-की आणि पी दाबून 'एक्स्टेंड' करून पाहावे. अक्षर फाटेल, पण दोन पडद्यांवर हात बसतो की गोंधळतो ते कळेल.

खरेदी वापीला करा किंवा डहाणू रोडहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. निघताना लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये घ्या. बहुतेक लॅपटॉपला एचडीएमआयचे भोक एकच असते, आणि प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर येतेच असे नाही. जुना मॉनिटर घेत असाल तर तो तिथेच सुरू करून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा पाहा. मेलेला ठिपका तेव्हाच दिसतो. आणि येताना गाडीत तो आडवा टाकू नका, मांडीशी उभा धरा.