शाकारणी विसरलेली घरं

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांबरोबर शेतकऱ्यांनी धरणात बुडणाऱ्या जमिनीसाठी तुरुंग पत्करला, तरी धरण झालंच. 1927 साली त्याच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. खोऱ्यातल्या घरांत पुढे कित्येक वर्षं कंदीलच होते. म्हणून मुळशीत वीज वाया जाते तेव्हा मला ते जास्त लागतं.

कंदिलाची ती घरं मात्र अडाण्यांनी बांधलेली नव्हती. मातीच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, खाली माळा, पुढे पडवी. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाई आणि माळ्यामुळे उन्हाची धग खाली पोचत नसे. ताम्हिणीकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यामुळे मे महिन्यात शाकारणी ठरलेलीच. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, झड येते त्या भिंतीला गवताचा आडोसा बांधायचा. घराची तपासणी आणि दुरुस्ती एकाच हाताने व्हायची.

मग पिरंगुट, भूगाव, हिंजवडीकडे स्लॅब आले, वाड्यावस्त्यांवर पत्रा आला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. पंखा तीच हवा फिरवत राहतो, म्हणून एसी येतो.

एसीऐवजी घरच सुधारून वीज वाचवता येते. तेलसंकटानंतर अमेरिकेने 1976 मध्ये गरिबांच्या घरांच्या फटी बुजवण्याची सरकारी योजना आणली. तिथे ऊब आत राखायची असते. आपल्याला ऊन आणि ओल बाहेर ठेवून वारा खेळता ठेवायचा आहे. आपल्याकडे 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2006 पासून उपकरणांवर वीजबचतीचे तारे आले. घराच्या बांधणीकडे लक्ष गेलं ते डिसेंबर 2018 मध्ये, ‘इको निवास संहिते’त. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घातली. उघड्या स्लॅबमधून तिच्या दुपटीहून अधिक येते. पण बांधून झालेल्या घरांना ती लागू नाही. ती घरं आपणच तपासायची.

यंदा मे महिन्यात रात्री नऊला छताला हात लावून पाहा. गरम लागलं, तर एसीच्या आधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप द्या. वर्षभराची विजेची बिलं शेजारी-शेजारी मांडा, म्हणजे उन्हाळ्यात वापर किती वाढतो ते दिसेल. जुना 75 वॉटचा पंखा काढून 30 वॉटचा लावला, तर रोजच्या 12 तासांमागे अर्धं युनिट वाचतं.