तेल जातें कोठें?

आमच्या जळगांवच्या घरीं सन १९८८ सालची एक पद्मिनी मोटार आहे. ती आमच्या वडील बंधूंनीं घेतलेली. बंधु आज हयात नाहींत. परंतु वहिनींच्या मातोश्री, वय वर्षें ८८, धुळ्यास असल्यामुळें ही गाडी दर महिन्यास एकदां बांभोरीचा गिरणेवरील पूल ओलांडते व पाळधी, एरंडोल, पारोळें, मुकटी करीत धुळ्याच्या एका नंबरी गल्लींत जाऊन उभी राहते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी; मुळांत इटलीची फियाट ११००. तिची घडण बंद होऊन आतां वीस वर्षांवर काळ लोटला, आणि मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निघून गेली. तेव्हां सुटा भाग मिळविणें म्हणजे जुनी पोथी मिळविण्याइतकेंच खटपटीचें झालें आहे.

गेल्या चैत्रांत या गाडीचें तेल कमी होऊं लागलें. दोन खेपा झाल्या कीं अर्धा लिटर घालावें लागे. गाडी आमचा पुतण्या हांकतो. तरुण रक्त, सरळ रस्ता, आम्हीं विचार न करतां निदान केलें आणि सर्वांसमक्ष त्यास बोललों कीं, "तूं गाडी पळवितोस, म्हणून एंजिन तेल पितें." तो कांहींएक बोलला नाहीं. पुढें गांवांतील एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील मिस्त्र्यानें खालीं वांकून पाहिलें, एंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशीं तेल दिसलें, आणि निकाल दिला: मागचें सील गेलें, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवलाच आहे तर बोअरही करून घ्या. खर्चाचा आंकडा गाडीच्या किंमतीहून मोठा होता. घरांत मोडींत काढण्याची भाषा सुरू झाली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "मग मी एस्. टी. नें जात जाईन, भावोजी." त्यांचे गुडघे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि न्यायशास्त्राची आठवण झाली. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें नैयायिक अनुमान करतात. मोटारीचेंही तसेंच. एंजिनांतलें तेल जाण्याच्या वाटा दोनच: एक तर तें आंत जळतें, नाहीं तर बाहेर गळतें. जळत असेल तर सायलेन्सरांतून निळसर धूर येतो. गाडी चढावर जोर करीत असतां धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. रात्रभर उभी राहून सकाळीं सुरू करतांच क्षणभर आला तर व्हॉल्व्हच्या सीलांचा. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचें लक्षण, त्याचा तेलाशीं संबंध नाहीं. तेल भरण्याच्या झाकणाखालीं दाट ताकासारखें कांहीं दिसलें तर मात्र तेलांत पाणी मिसळत आहे असें समजावें. आमच्या गाडीस निळा धूर जवळजवळ नव्हताच. मग ती तेल पीत होती हें कशावरून?

दुसऱ्या रात्रीं गाडीखालीं जुनें वृत्तपत्र पसरलें. सकाळीं त्यावर रुपयाएवढा एकच डाग. म्हणजे उभ्या गाडीचें तेल गळत नव्हतें, धांवत्या गाडीचें गळत होतें. येथें थोडें गणित करून पाहावें. एका मिलिलिटरांत तीस थेंब धरले आणि दर तीस मीटरांस एकच थेंब पडला, तरी हजार किलोमीटरांत एक लिटराहून अधिक तेल रस्त्यास अर्पण होतें. इतकें बारीक गळणें डोळ्यांस दिसावें कसें? खानदेशच्या उन्हानें तेल उडून जातें असेंही आम्हांस एकानें सांगितलें. वैशाखांत येथें ४५ अंश ऊन पडतें हें खरें. परंतु चालत्या एंजिनांतील तेल सुमारें शंभर अंश तापलेलें असतें, त्यास आमच्या वैशाखाची काय मातबरी!

पुढच्या खेपेस धुळ्यांत, आग्रा रस्त्याच्या बाजूस, एका वृद्ध मिस्त्र्याकडे गेलों. त्यानें खालीं न पाहतां आधीं वर पाहिलें. तो म्हणाला, "मास्तर, वाऱ्यानें तेल मागें जातें आणि वजनानें खालीं उतरतें. जेथें दिसतें तेथून तें आलेलें नसतें. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी." मग त्यानें डिझेल व कुंचा घेऊन सारें एंजिन धुतलें, फडक्यानें पुसलें, वाळविलें, आणि पुतण्यास खडू आणावयास धाडलें. खडूची पूड करून त्यानें ती एंजिनाच्या अंगावर उडविली. जन्मभर खडू झिजविणाऱ्या आम्हांस हा उपयोग ठाऊक नव्हता! फागण्यापर्यंत जाऊन परत आलों. एंजिन बंद करून, पंखा पुरता थांबल्यावर, बॉनेट उघडलें. पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ स्पष्ट उमटली होती: वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून निघून पाठीवरून सरळ त्या सांध्यापर्यंत. मागचें सील बिचारें निर्दोष होतें.

आम्हांस वाटलें, कव्हरचें पॅकिंग बदललें कीं झालें. मिस्त्री म्हणाला, "पॅकिंग कां गेलें, तें आधीं पाहूं." त्यानें ब्रीदरची नळी काढून तींत फुंकर मारली, वारा पलीकडे जाईना. नळी काळ्या चिखलानें भरली होती. कोणत्याही एंजिनांत, तें कितीही चांगलें असो, पिस्टनच्या कडेनें थोडा वायु खालीं उतरतो. त्यास बाहेर पडण्यास हीच वाट. ती बुजली कीं आंत दाब वाढतो, आणि तो दाब तेलास जेथें दुबळी जागा असेल तेथून ढकलतो. नवें पॅकिंग घातलें असतें तर तेंही चार महिन्यांत गेलें असतें. मग त्यानें चारही सिलिंडरांचा दाब मापकानें मोजला. चारही जवळजवळ सारखे भरले. बोअर करण्याचें कारण उरलें नाहीं.

नळी धुतली, बुचाचें नवें पॅकिंग बसविलें. तें आंवळतांना त्यानें हात फार जपून चालविला. अधिक आंवळलें तर बूच फाटतें आणि पत्रा वांकतो, म्हणून. सर्व मिळून खर्च कांहीं शेंकड्यांत.

परंतु नळींत चिखल आला कोठून? मिस्त्र्यानें सहज विचारलें, "तेल कोण मोजतें, आणि केव्हां?" आम्हीं अभिमानानें सांगितलें कीं, आम्हीच मोजतों, गाडी अंगणांत येतांच. तो हंसला. गाडी थांबतांच मोजलें तर पुष्कळ तेल अजून वर असतें आणि पट्टी तें कमी दाखविते. दहा मिनिटें थांबावें लागतें, गाडी सपाट जागीं असावी लागते. आमचें अंगण उतरतें. म्हणजे तेल पुरेसें असतांनाही आम्ही ओतीत होतों! वरच्या खुणेपलीकडे तेल गेलें कीं आंतील दांडा त्यावर आपटतो, फेंस होतो, आणि तें तुषारांच्या रूपानें ब्रीदरमध्यें शिरतें. त्यांत महिनाभर गाडी बाजारापुरतीच फिरे; एंजिन पुरतें तापत नसल्यामुळें आंतील पाण्याची वाफ जात नसे, ती तेलांत मिसळून गाळ होई. गाडी पळविणारा पुतण्या नव्हे, तर लांब न नेणारे व वेळेआधीं मोजणारे आम्ही अपराधी होतों.

तेल खुणेखालीं गेल्याचें सांगणारा तांबडा दिवा नसतो, हेंही मिस्त्र्यानें बजावलें. तो दिवा दाब पडल्यावर लागतो. लागला तर पुढचें गांव गांठण्याचा विचार न करतां तेथेंच एंजिन बंद करावें. गरम सायलेन्सरवर तेल ठिबकत असेल तर आगीचेंही भय.

परतीच्या वाटेवर पारोळ्यास चहास थांबलों तेव्हां आम्हीं पुतण्याची चूक नव्हती असें वहिनींदेखत सांगितलें. तो म्हणाला, "काका, चहा निवतोय." वहिनींनीं आषाढांत दोन खेपा केल्या. तेलाची पट्टी आतां पुतण्याच पाहतो. सकाळीं, थंड एंजिनावर, गाडी रस्त्याच्या सपाट जागीं काढून. आम्ही शेजारीं फडकें धरून उभे असतों.